बाण वाकला पाहिजे

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

धनुर्विद्येवर बोला असा निरोप आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी काही नावाजलेला प्रशिक्षक नाही. आयुष्यभर मुलांना लेथ आणि फिटिंग शिकवलं आणि निवृत्तीनंतर सातपुड्याच्या पायथ्याशी, एका तालुक्याच्या गावात, संध्याकाळी शाळेतल्या मुलांना धनुष्य धरायला शिकवू लागलो. मग म्हटलं, आपलं एक चुकलेलं गणित तरी सांगावं.

आमच्याकडे सहा धनुष्यं होती. लाकूड आणि फायबरचे थर चिकटवलेली, जुन्या घडणीची. कप्प्या नाहीत, नेमदर्शक नाही, बाण टेकवायला मुठीच्या वर चामड्याचा एक तुकडा, एवढंच. बाण मात्र नेहमी अपुरे. एका हितचिंतकाने कार्बनचे डझनभर बाण दिले, तेव्हा मी हरखून गेलो. काळेभोर, सरळ, एकसारखे. गृहस्थ स्वतः कंपाउंड धनुष्य चालवायचे, म्हणजे कप्प्यांचं, ६० पौंड ताणाचं. त्यांचे बाण आमच्या ३० पौंडी धनुष्याला चालतील का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही.

आमच्या वर्गात नववीतली एक मुलगी होती. वरच्या पाड्यावरची, वसतिगृहात राहणारी. घरात तिरकमठा असलेली, त्यामुळे धनुष्य तिला नवं नव्हतं. तिचा हात माझ्यापेक्षाही स्थिर. पण कार्बनचे बाण आले आणि तिचा प्रत्येक बाण डावीकडे जाऊ लागला. वीस मीटरवर हातभर डावीकडे. सोडताना खट्ट असा आवाजही यायचा. मी म्हणायचो, ‘‘तुझी बोटं दोरीवरून नीट सुटत नाहीत.’’ ती पुन्हा सोडायची, पुन्हा डावीकडे. ‘‘लक्ष नाही तुझं,’’ म्हणून मी तिला मैदानाला चकरा मारायला लावायचो. एकदा तिने विचारलं, ‘‘सर, घरचे बाण आणू का?’’ मी म्हटलं, ‘‘बांबूचे? अगं, हे कार्बनचे आहेत.’’ याच्यापुढे काही बोलायचं नसतं, अशा सुरात म्हटलं.

असे चार महिने गेले.

दिवाळीच्या सुट्टीहून येताना तिने न विचारता दोन बांबूचे बाण आणले. मी शेडमध्ये सामान लावत असताना तिने ते सोडले. दोन्ही मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या कडेला. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण उत्तर मला येत होतं. वाकणाऱ्या दांड्याचं गणित मी वर्षानुवर्षं फळ्यावर मांडलं होतं.

धनुष्याची दोरी सुटल्यावर धनुष्याच्या मध्याकडे धावते. पण बाण मध्यावर नसतो. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण मुठीच्या डाव्या अंगाला टेकलेला असतो. मागचं टोक मध्याकडे ढकललं जातंय आणि वाटेत लाकूड आहे. त्यात बोटांवरून सुटताना दोरी थोडी बाजूला सरकते. मग बाण नेमावर जातो कसा? तर तो वाकतो. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या, मुठीला वळसा घालून निघतो आणि पुढे थरथरत सरळ होतो. सगळा खेळ सेकंदाच्या साधारण पन्नासाव्या भागात. डोळ्यांना दिसत नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत हिकमन आणि क्लॉपस्टेग या शास्त्रज्ञांनी धनुष्यबाणाचा शास्त्रीय अभ्यास केला, हिकमन यांनी अतिजलद कॅमेऱ्याने चित्रण केलं, तेव्हा हे वळसा घालणं स्पष्ट दिसलं.

आता बाण फार कडक असेल, तर तो वाकतच नाही. मुठीवर घासतो, आदळतो आणि डावीकडे फेकला जातो. तोच तो खट्ट आवाज. फार लवचीक असेल, तर उजवीकडे जातो. डावखुऱ्यांनी हे उलटं समजावं. आधुनिक धनुष्याला मुठीच्या वर खिडकीसारखा भाग कापलेला असतो, त्यामुळे बाण जवळजवळ मध्यावर येतो आणि त्याला वाकण्याची गरज कमी पडते. कंपाउंडवाले तर बोटांऐवजी यांत्रिक खटक्याने दोरी सोडतात. जुन्या घडणीच्या धनुष्याला ही सवलत नाही. म्हणून तेवढ्याच ताणाला त्याला अधिक लवचीक बाण लागतो.

कार्बनच्या नळीवर एक आकडा छापलेला असतो. ३४०, ४००, ५००, ६००, ८००. याला स्पाइन म्हणतात. पुष्कळांना वाटतं आकडा मोठा म्हणजे बाण दणकट. उलट आहे. नळी २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवायची, मध्यभागी ८८० ग्रॅमचं वजन टांगायचं आणि ती किती खाली वाकते ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं. ४०० म्हणजे ०.४ इंच, साधारण दहा मिलिमीटर. ८०० म्हणजे त्याच्या दुप्पट वाक.

दुसऱ्या दिवशी मी फळीवर दोन खिळे ठोकले, वाण्याच्या काट्यावर ८८० ग्रॅम वाळू तोलून पिशवीत भरली आणि देणगीचा बाण टेकवला. दहा मिलिमीटर. नंतर तिचा बांबूचा. एक अठरा, दुसरा वीसच्या आसपास. घरी हाताने वाकवून निवडलेली काडी माझ्या वाळूच्या पिशवीपेक्षा चार महिने पुढे होती.

आणखी एक गोष्ट मी तपासलीच नव्हती. धनुष्यावर लिहिलेले ३० पौंड हे २८ इंच ओढीला असतात. ही मुलगी ओढायची २६ इंच. इंचामागे दोनेक पौंड कमी धरा, म्हणजे तिच्या हातात धनुष्य जेमतेम २६ पौंडांचं. ६० पौंडांसाठीचा बाण त्यावर लावून मी तिची बोटं सुधारत होतो!

देणगी वाया जाऊ नये म्हणून मी एक खटपट केली. टोक जड केलं की बाण जास्त वाकतो, म्हणून शंभर ग्रेनच्या जागी दोनशेची टोकं बसवली. फरक पडला, पण थोडा. ४०० चा बाण टोक बदलून ८०० चा होत नाही. शिवाय तो इतका जड झाला की तीस मीटरवर खाली बसू लागला.

शेवटी ८०० स्पाइनच्या सहा नळ्या मागवल्या, पूर्ण लांबीच्या. इथे सांगतो, नव्या नळ्या आल्या आल्या कापू नका. लांबीचा परिणाम फार मोठा असतो. वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २८ च्या जागी ३० इंचाचं अंतर घेतलं, तर तेवढ्याच वजनाला तीच नळी जवळजवळ पावपटीने जास्त वाकते. म्हणून लांब ठेवायचं आणि हळूहळू कमी करायचं. तीन बाणांना पिसं लावली, तीन बोडके ठेवले. प्लॅस्टिकची नव्हे, खरी पिसं. लाकडावर घासली तर ती दबतात, प्लॅस्टिक उसळतं. पिसं बाणाच्या चुका झाकतात, बोडका बाण झाकत नाही. दहा-बारा मीटरवरून बोडके बाण पिसांच्या उजवीकडे जाऊ लागले, म्हणजे नळी लवचीक. अर्धा इंच कापलं. पुन्हा सोडले. पुन्हा अर्धा इंच. साडेअठ्ठावीस इंचांवर दोन्ही एकत्र पडू लागले. एका बाणावरून मात्र निर्णय घेऊ नये. हात चुकला तरी बोडका बाण भरकटतो. आणि ओढीपेक्षा बाण निदान इंचभर लांब राहिलाच पाहिजे, नाहीतर टोक मुठीत येईल.

कापायला करवत नको, तंतू फाटतात. पातळ ग्राइंडिंग चकती आणि तोंडाला फडकं नव्हे, चांगला मास्क. कार्बनची धूळ वाईट. सोडण्याआधी प्रत्येक बाण कानाजवळ धरून थोडा वाकवून, फिरवून बघा. कुरकुर आली, तर तो बाण मोडून टाका. तडकलेली कार्बनची नळी सुटताना फुटली, तर तिचे काटे हातात घुसतात. देणगीतला एक असा निघाला. तोही ती चार महिने वापरत होती, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

बाण बदलले म्हणून सगळं त्याच दिवशी सुधारलं, असं झालं नाही. डावीकडची चूक भरून काढायला ती उजवीकडे नेम धरू लागली होती, मनगट मुरडू लागली होती. मी सांगितलेल्या सुधारणा तिने प्रामाणिकपणे अंगी बाणवल्या होत्या! ते मुरडणं जायला सबंध हिवाळा गेला. सुरुवातीला जो दोष तिच्यात नव्हता, तो मीच लावला होता.

मी सगळ्या मुलांसमोर तिला म्हटलं, ‘‘चूक माझी होती.’’ तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘‘मग सर, त्या चकरा?’’ पोरं हसली. मी ठरवलं, त्या मोजून मारायच्या. पण माझे गुडघे लक्षात घेऊन तिने त्या चालत मारायची सूट दिली आणि पुढचे आठ दिवस मी सकाळी मैदानावर चालताना दिसलो, की वसतिगृहाच्या खिडकीतून कुणीतरी मोठ्याने आकडा म्हणायचं.

उरलेले अकरा बाण ज्यांनी दिले होते, त्यांना परत नेऊन दिले. त्यांच्या धनुष्याला ते अगदी बरोबर आहेत.