घाम मोजूं नका, मोकळीक मोजा
(गांवकऱ्यांच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



सकाळीं उठून चाला, शरीर हालवा, म्हणजे रोग जवळ येणार नाहीं, हा उपदेश हल्लीं शहरांतून खेड्यांपर्यंत येऊन पोहोंचला आहे. उपदेश वाईट नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें आहे कीं, प्रौढ माणसानें आठवड्यांत १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि मुलांनीं रोज सरासरी ६० मिनिटें तरी हुंदडावें. हें ऐकून आमच्या शेतकरी, लोहार, कुंभार बंधूंना हसूं येईल. ते म्हणतील, "गुरुजी, आठवड्याचीं हीं मिनिटें आम्ही एका दिवसांत फेडतों. मग आमचे गुडघे चाळिशींतच कां कुरकुरतात? आमच्या बायकांची कंबर कां वांकते?" प्रश्न अगदीं बिनतोड आहे, आणि आज आम्ही त्याचेंच उत्तर शोधणार आहों.

आम्ही शाळेंत मुलांना मापें शिकवतों. दूध लिटरानें, कापड मीटरानें, जमीन गुंठ्यानें. दूध कोणी फूटपट्टीनें मोजूं लागला तर पहिलीचें पोर सुद्धां हंसेल. पण माणसाचें आरोग्य मोजतांना शहाणीं माणसें हाच घोटाळा करतात. अंग किती हाललें तेवढें मोजतात. तें कोणाच्या मर्जीनें हाललें, मागून विसांवा मिळाला कीं नाहीं, पोटांत भाकरी होती कीं नाहीं, हें विचारीत नाहींत.

हा घोटाळा अमर्त्य सेन यांनीं उघड करून दाखविला. त्यांना १९९८ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. ते म्हणतात, उपास करणारा आणि उपासमार सोसणारा या दोघांच्याही पोटांत अन्न नसतें, म्हणून ते दोघे सारखे होतात काय? आपल्या भाषेंत सांगावयाचें तर एकादशीवाल्याच्या घरांत भाकरी असते, त्यानें ती आपखुशीनें बाजूस सारली. उपाशी माणसाला सारावयाला भाकरीच नाहीं. त्यांचें दुसरें उदाहरण सायकलीचें. सायकल ही वस्तु आहे. तिच्यावर बसून पाहिजे तिकडे जातां येणें ही खरी संधि आहे. पाय अधू असलेल्याला सायकल देऊन काय उपयोग? आणि ज्या सुनेला उंबरा ओलांडतांना दहाजणांना विचारावें लागतें, तिच्या दारांत सायकल उभी असली काय अन् नसली काय!

कष्ट आणि व्यायाम एकच नव्हेत, याला बाहेरचाही पुरावा आहे. डेन्मार्क देशांत १ लाख ४ हजार माणसांवर सुमारें १० वर्षें नजर ठेवून केलेली एक पाहणी २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. फुरसतीच्या वेळीं भरपूर हालचाल करणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण कमी आढळलें, पण पोटासाठीं जड काम करणाऱ्यांत तें जास्त आढळलें. याच्या कारणांविषयीं विद्वानांत वाद आहे. तरी एक गोष्ट कष्टकऱ्याला वाद न करतां समजते. पहिलवान जोर मारतो आणि दमला कीं थांबतो, दूध पितो, निजतो. ओझें वाहणाऱ्याला दमल्यावर थांबण्याची मुभा नसते. अंगांत रग आहे तोंवर थांबतां येणें, यालाच आम्ही मोकळीक म्हणतों.

ती मोकळीक नसली म्हणजे काय होतें, हें पाहावयाला डेन्मार्कला जाण्याची गरज नाहीं. आमच्या बीड जिल्ह्यांतून दरसाल हजारों जोडपीं मुकादमाची उचल घेऊन उसाच्या फडावर जातात. बाई पहांटेपासून ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडींत चढवते. हालचालीचीं मिनिटें मोजलीं तर तिच्याइतकी निरोगी बाई राज्यांत सांपडणार नाहीं! पण फडावर न्हाणी नाहीं, शौचास आडोसा नाहीं, आणि खाडा झाला तर पैसे कापले जातात. २०१९ सालीं महाराष्ट्र सरकारनें नेमलेल्या समितीपुढें जी आकडेवारी आली ती ऐका. बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, त्यांपैकीं १३,८६१ जणींची गर्भाशयें काढून टाकलेलीं होतीं. म्हणजे दर सहा बायकांमागें एक. कोणी म्हणेल, त्यांनीं शस्त्रक्रियेला संमति दिली होती. होय, दिली असेल. पण दुखणें अंगावर काढणें, मजुरी बुडवणें किंवा पिशवी काढणें, एवढेच रस्ते जिच्यापुढें होते, तिच्या अंगठ्याला राजीखुशी म्हणतां येईल काय?

फड सोडा, घराकडे या. २०२४ सालच्या सरकारी वेळ-वापर पाहणींत असें दिसलें कीं, घरचें बिनपगारी काम करणाऱ्या बाईचीं दिवसाकांठीं २८९ मिनिटें त्यांत जातात, आणि तेंच काम करणाऱ्या पुरुषाचीं ८८. तसेंच २०१९ ते २१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत बायकांना विचारलें, बाजारांत, दवाखान्यांत आणि गांवाबाहेर एकटीनें जाण्याची मुभा तुम्हांला आहे काय? या तिन्ही ठिकाणीं मुभा असलेल्या शंभरांत ४२ च निघाल्या. हा प्रश्न आम्हांला फार मोलाचा वाटतो. कारण दवाखाना गांवांत आहे कीं नाहीं, एवढ्यानें भागत नाहीं. तो कोणासाठीं आहे हें या प्रश्नानें कळतें.

अंगांत बळ असलें म्हणजे संधि आपोआप येते, हाही भ्रम आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. बळ त्यांचेंच, पण प्रवासाच्या खर्चासाठीं वर्गणी गोळा करावी लागली. दहा माणसांनीं हात दिला तेव्हां एकाचें बळ जगाला दिसलें. ज्यांना हात मिळाला नाहीं असे किती खाशाबा बांधावरच म्हातारे झाले असतील, त्यांची मोजदाद कोणी केली आहे?

ती मोजदाद आपणच करूं या. त्याला शहरचा साहेब नको. एक वही घ्या, आणि घरोघर पांच प्रश्न विचारा. पहिला, पिण्याच्या पाण्यासाठीं रोज कोणाचा किती वेळ जातो? दुसरा, मागच्या दुखण्यांत कितव्या दिवशीं दवाखाना गांठला, आणि किती दिवसांची मजुरी बुडाली? सपाटीवर ५ हजार वस्तीमागें एक आरोग्य उपकेंद्र असावें असें सरकारी प्रमाण आहे. तेव्हां त्याचें दार किती दिवस उघडें असतें हेंही लिहा. तिसरा, दवाखान्याला एकट्यानें जातां येतें कीं परवानगी लागते? चौथा, दिवसांतला एक तास तरी स्वतःच्या मर्जीचा मिळतो काय? पांचवा, शाळेच्या मैदानावर कोण खेळतें? शाळेला मैदान हवें असें २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यांत आहे. पण आमच्या अनुभवानें सांगतों, सहावी-सातवीनंतर मुलगे मैदानावर दिसतात आणि मुली पाणवठ्यावर. मैदान एकच, परंतु संधि निम्म्यांनाच.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानांत ठेवा. हे प्रश्न घरधन्याला विचारून घराची पाटी भरूं नका. त्याचें उत्तर ठरलेलें असतें, "आमच्या घरांत कोणाला कांहीं कमी नाहीं." सासूला वेगळें विचारा, सुनेला वेगळें, लेकीला वेगळें, आणि घरांत कोणी अधू असेल तर त्याला आधीं विचारा. एकाच छपराखालीं चार निरनिराळीं उत्तरें येतील, आणि त्या चार उत्तरांतच गांवाचें खरें दुखणें सांपडेल.

वही भरली कीं ती ग्रामसभेंत मोठ्यानें वाचा. नळ कोठें हवा, नर्सबाई कोणत्या दिवशीं हवी, मैदानाचा कोणता वेळ मुलींचा, हें आकड्यांनिशीं मागा. पुढच्या वर्षीं तेच पांच प्रश्न पुन्हां विचारा आणि आंकडे शेजारीं मांडा. जें सरकारकडे मागावयाचें तें सरकारकडे मागा. पण उंबऱ्याची परवानगी सरकार देत नाहीं, ती आपल्याच हातांत आहे. ती आज रात्रीं घरीं गेल्यावरच द्या, त्याला ठराव लागत नाहीं.