विजेच्या गाडीचा हिशेब

तळवलीहून ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कारखान्यात रोज जाणारा माणूस विजेची स्कूटर घ्यायची म्हणतो, तेव्हा पहिला प्रश्न असतो : सरकार सूट किती देतं?

सूट आहे खरी. १ ऑगस्ट २०१९ पासून या गाड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने वाहनकर माफ केला. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत २०२४-२५ साली दुचाकीला जास्तीत जास्त १०,००० रुपये मिळत. २०२५-२६ साली ते ५,००० झाले. ही रक्कम दुकानदाराने बिलातच वजा करायची असे. तेव्हा बिल वाचून घ्या.

पण अनुदान एकदाच मिळतं, चार्जिंग मात्र रोजचं. तीन युनिटांची बॅटरी भरायला तीन युनिटांहून थोडी जास्तच वीज लागते. घरचा महिन्याचा वापर १०० युनिटांपुढे गेला, की पुढच्या युनिटांना चढा दर पडतो. मीटर घरमालकाचा असेल, तर आधी त्याला विचारा.

गुरुजी, मुलांना घरचं वीजबिल आणायला सांगा आणि हे गणित फळ्यावर सोडवा. गाडी घेण्याआधी घरात तेवढा हिशेब झाला, तर पुढे पस्तावायची वेळ येणार नाही.