बादलीभर कावेरी
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



बंगळूरच्या नळाला येणारे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून येते. पंपांनी ते टप्प्याटप्प्याने सुमारे ५०० मीटर वर चढवावे लागते. म्हणजे वाया गेलेल्या प्रत्येक बादलीबरोबर वीजही वाया जाते. मार्च २०२४ मध्ये शहरातल्या हजारो बोअरवेल आटल्या. तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आली, ५,००० रुपये दंड ठरला. पण पाऊस पडला की आपण सारे विसरतो!

म्हणून चार साध्या गोष्टी सांगतो.

१) गळक्या नळाखाली रात्रभर भांडे ठेवा आणि सकाळी पाणी मोजा. वायसर लगेच बदलाल.

२) आरओ यंत्राची नळी मोरीत न सोडता बादलीत सोडा. ते पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरा. त्यात क्षार जास्त असतात, म्हणून कुंड्यांना नको.

३) कुंड्यांना तांदूळ-डाळ धुतलेले पाणी घाला.

४) नळांना एरेटर बसवा. धार भरघोस वाटते, पाणी कमी लागते.

शाडूच्या छोट्या मूर्तीचे विसर्जनही घरीच बादलीत करता येते. विरघळलेली माती बागेत घालावी.

आपल्या आज्या विहिरीवरून पाणी शेंदून आणत, म्हणून ते तांब्याने मोजून वापरत. आपले शेंदण्याचे कष्ट पंपांनी घेतले, पण पाणी काही वाढले नाही. तो तांब्याचा हिशेब घरातल्या मुलांना शिकवू या.

गणपती बाप्पा मोरया!