उद्यानरचनेचा व्यवसाय : हिशेब आणि विवेक
(सुवर्णमहोत्सवानिमित्त युवकांसाठी दिलेले व्याख्यान)



भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकविली, असे आदिपुराण सांगते. उद्यानरचनेत यांपैकी कृषी, शिल्प व वाणिज्य यांचा संगम होतो. दोन माळी व एक टेम्पो घेऊन या व्यवसायात उतरलेल्या युवकापुढे दोन प्रश्न असतात. काम भरपूर असूनही हाती का उरत नाही? आणि जमीन खणणे, औषध फवारणे श्रावकाला शोभते काय? दोन्हींची उत्तरे परस्परांत गुंतलेली आहेत.

प्रथम हिशेब. समजा, एका बंगल्याच्या बागेसाठी रोपे, माती व खत यांवर ५५,००० आणि मजुरीवर ३०,००० रुपये खर्च आला. त्यावर २५ टक्के चढवून आपण १,०६,२५० रुपयांचे दरपत्रक देतो. परंतु टेम्पोचे भाडे ५,००० आणि मेलेली रोपे बदलणे, अवजारे, कार्यालय यांचा वाटा १०,००० धरला, तर खरा खर्च एक लाख होतो. २१,२५० वाटलेला नफा प्रत्यक्षात ६,२५० असतो! घरखर्च आणि धंद्याची वही एकत्र असेल, तर ही गळती कधीच दिसत नाही.

दुसरी गोष्ट देखभालीची. लागवडीचे काम पावसाळ्यात धावते आणि उन्हाळ्यात थांबते. माळ्याचे पोट मात्र बारा महिने असते. म्हणून प्रत्येक नव्या बागेबरोबर वार्षिक देखभालीचा लेखी करार करावा. दरमहा ६,००० रुपयांच्या वीस बागा म्हणजे महिन्याकाठी १,२०,००० रुपयांची निश्चित आवक. त्या एकाच परिसरात असाव्यात, म्हणजे प्रवासात दिवस जात नाही.

आता दुसरा प्रश्न. आचार्यांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार प्रकार सांगितले. गृहस्थाला उद्योगी हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही. यत्नाचाराने ती कमी करणे हे त्याचे कर्तव्य आहे. विस्तीर्ण हिरवळीला सतत पाणी, कापणी आणि कीटकनाशक लागते. तीच जागा ताम्हण, बहावा, बकुळ, अडुळसा, निरगुडी अशा देशी झाडाझुडपांना दिली, ठिबक सिंचन केले आणि हिरवळ बसण्यापुरती ठेवली, तर जीवहानी घटते. ठरावीक रकमेच्या करारात वाचलेली प्रत्येक कापणी व फवारणी हा आपलाच नफा असतो. येथे धर्म आणि व्यवहार एकाच वाटेने चालतात.

नेहमीच तसे होईल, असे मात्र नाही. चांगला वाढलेला वृक्ष तोडून शोभेची बाग करावी, असे काम आले तर काय करावे? नगरांमध्ये वृक्षतोडीस १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार परवानगी लागते. परंतु परवानगी मिळाली तरी वृक्ष राखून आराखडा सुचवावा. ग्राहकाने न मानल्यास काम सोडावे. तो तोटा सोसण्यातच व्रताची कसोटी आहे. तसेच दहा ब्रास लाल मातीचे बिल करून आठ ब्रास टाकणे हा अचौर्याणुव्रताचा अतिचार आहे, हे कोणी विसरू नये.

हिशेब स्थिरावल्यावरच कंपनीचा विचार करावा. कंपनी कायदा, २०१३ नुसार खासगी मर्यादित कंपनीस किमान दोन संचालक लागतात. मालक गावाला गेला तरी बागेला पाणी मिळेल, अशी व्यवस्था झाली, म्हणजे कंपनी खऱ्या अर्थाने उभी राहिली. त्यासाठी कामाची पद्धत लिहून ठेवावी, अनुभवी माळ्याला मुकादम करावे आणि वेतन ठरल्या दिवशी द्यावे.

परिग्रहपरिमाण व्रत उद्योगाला विरोध करीत नाही. ते हावेला मर्यादा घालते. जितक्या बागा आपण नीट राखू शकू, तितक्याच स्वीकाराव्यात. अशा संयमाने वाढलेला व्यवसाय कुटुंबाला समृद्धी, कामगाराला स्थैर्य आणि गावाला सावली देईल. आपल्या युवकांच्या हातून ते घडो, ही मंगलकामना व्यक्त करून मी थांबतो. जय जिनेंद्र!