अब्बांची स्टेपनी



आमच्या दारात १९६८ सालची फियाट ११०० उभी असते. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेली. अब्बांनी ती जुनीच घेतली होती. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली मोटार २०२१ च्या नियमांप्रमाणे 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. आमच्या गल्लीत मात्र तिला डबडंच म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात पुढच्या डाव्या चाकाची हवा उतरू लागली. रात्री भरावी, सकाळी गाडी लंगडी. पंक्चरवाल्या चाचांनी ट्यूब पाण्यात बुडवली, बारीक बुडबुडा सापडला, तुकडा लावला. आठ दिवसांनी पुन्हा तेच, आणि बुडबुडा दुसऱ्याच जागी. चाचा म्हणाले, "साहेब, हा खिळा नाही. रिम तपासू." मला घाई होती, अम्मीला कोल्हापूरला दवाखान्यात न्यायचं होतं. मी डिकीतली स्टेपनी काढून लावली आणि ते गळकं चाक डिकीत टाकलं.

ही स्टेपनी अब्बांनी घेतलेली. ते १९९९ साली गेले. टायरवरची नक्षी जवळजवळ कोरी, म्हणून मी तो कधी बदलला नाही. खरं सांगायचं तर नक्षी हे निमित्त होतं.

जयसिंगपूरच्या पुढे तो फुटला. वेग चाळीसच्या आसपास, म्हणून वाचलो. स्टिअरिंग डावीकडे ओढलं गेलं, गाडी मातीत उतरली आणि बाभळीपासून दोन हातांवर थांबली. अम्मीच्या मांडीवरची रिपोर्टांची पिशवी खाली पडली होती. ती ते कागद गोळा करत राहिली, बोलली काहीच नाही. गळक्या चाकात हवा भरून आम्ही कोल्हापूर गाठलं.

परतल्यावर चाचांनी फाटलेला टायर वाकवून दाखवला. बाजूच्या भिंतीवर केसांएवढ्या भेगा. रबर नुसतं पडून राहिलं तरी हवेने कडक होतं, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. २००० नंतरच्या टायरवर चार आकडे असतात, ३५२२ म्हणजे २०२२ चा पस्तिसावा आठवडा. या टायरवर तीनच होते.

मग गळकं चाक उघडलं. रिमच्या आत गंजाचे पापुद्रे, तेच ट्यूबला घासत होते. एका गॅरेजवाल्याने सुचवलं, ट्यूबलेस टायर टाका, कटकट मिटेल. चाचांनी मान हलवली. या जुन्या रिमा ट्यूबसाठीच केलेल्या. टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा त्यांना नसतो. हवा कमी असताना जोरात वळलं तर कड निसटते. आम्ही पाचही रिमा तारेच्या ब्रशने घासल्या, रेड ऑक्साइड मारलं, व्हॉल्व्हच्या भोकाची धार कानशीने मोडली. नवे टायर, नव्या ट्यूब, आत संगजिऱ्याची पूड. जॅकवर चाक फिरवून कडेला खडू धरला. एक रिम डोलत होती, ती भंगारात गेली. तिच्या जोडीची मिळायला दोन महिने लागले.

त्या दिवसांत एकदा अम्मी म्हणाली, "तुझ्या अब्बांनी आयुष्यभर शिवलेल्या चपला घातल्या. पण गाडीला जुना टायर कधी लावला नाही." मी फुटका टायर तोवर कोपऱ्यात ठेवलाच होता. दुसऱ्या दिवशी चाचांकडे दिला.

परवा पुन्हा कोल्हापूरला निघालो. अम्मीने चारही टायर अंगठ्याने दाबून पाहिले. मग म्हणाली, "आता डिकी उघड."