वरच्या हवेची मोजणी कोणी करायची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमीन, पाणी, शिक्षण हे आपल्या अभ्यासवर्गाचे नेहमीचे विषय. ते सोडून शंभर किलोमीटरांपलीकडच्या विरळ हवेबद्दल मी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हा विषय आपल्या दाराशीच सुरू होतो. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेपुढे पेच उभा राहिला. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या आणि ट्रामच्या वीजप्रवाहाने त्या बिघडणार, हे उघड होते. तेव्हा ते काम अलिबागला हलविण्यात आले. जुन्या-नव्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून १९०४ ते १९०६ या काळात दोन्हीकडे एकाच वेळी मोजणीही झाली. राज्य परक्यांचे होते, तरी एवढी काळजी घेतली गेली, हे मान्य केले पाहिजे.

अलिबागच्या चुंबकसूचीची दिवसाची थरथर येते ती मुख्यतः आकाशातून. सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे वरच्या हवेतील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या थराला आयनांबर म्हणतात. त्यातून विजेचे प्रवाह वाहतात, आणि भूचुंबकीय विषुववृत्तावर ते विशेष जोरदार असतात. ते विषुववृत्त केरळातील थुंब्याजवळून जाते म्हणूनच २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून आपल्या देशातला पहिला संशोधक अग्निबाण उडाला.

मात्र अग्निबाणाला काही मिनिटेच मिळतात, आणि फुग्याची धाव चाळीस-पन्नास किलोमीटरांपलीकडे नाही. सतत आणि सर्वदूर मोजणी हवी असेल तर उपग्रहच हवा. १९७५ च्या 'आर्यभट'वर वरच्या वातावरणाचा एक प्रयोग होता. वीजपुरवठा बिघडल्याने तो काही दिवसांतच थांबला. 'आर्यभट'चे वजन ३६० किलो होते. आज याच क्षेत्रातले काम दहा किलोंचा उपग्रहही करू पाहतो.

मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये 'प्रथम'चे काम हाती घेतले. कल्पना साधी आणि सुंदर होती. उपग्रहाने दोन वेगवेगळ्या कंप्रतांच्या रेडिओलहरी खाली सोडायच्या. आयनांबरातून येताना पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे लहरींच्या कंपनाचे प्रतल फिरते. कंप्रता कमी तितके अधिक. दोन्हींतला फरक मोजला की वाटेत इलेक्ट्रॉन किती होते, हे काढता येते. आणि ही मोजणी उपग्रहात होत नाही, जमिनीवर होते! म्हणून ठिकठिकाणच्या महाविद्यालयांनी आपापल्या गच्चीवर अँटेना उभारून या कामात भाग घ्यावा, अशी योजना होती. मला स्वतःला उपग्रहापेक्षा ही गच्ची अधिक मोलाची वाटते.

'प्रथम' २६ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. म्हणजे नऊ वर्षे लागली. ज्यांनी आरंभ केला ते पदव्या घेऊन केव्हाच बाहेर पडले होते. एका तुकडीने दुसरीच्या हाती काम सोपवीत ते पुरे केले. त्याच वर्षी २२ जून रोजी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा एक किलोचा 'स्वयम्'ही कक्षेत गेला होता. दोन्ही संस्था सार्वजनिक पैशावर उभ्या राहिलेल्या आहेत, आणि दोन्ही वेळा अग्निबाण इस्रोचा होता. १९८३ पासून या राज्यात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांचे पेव फुटले. त्यांच्या संचालकांना हा हिशेब अवश्य दाखवावा.

आता नेहमीचा आक्षेप. पोटाला भाकर नाही तिथे उपग्रह कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, त्याची टिंगल करू नये. पण जमिनीची मोजणी आज उपग्रहांच्या संदेशांवर चालणाऱ्या रोव्हर यंत्रांनी होते. ते संदेश याच आयनांबरातून येतात आणि तेथे खळबळ माजली की मोजणीत चूक शिरते. आपला देश विषुववृत्तालगतचा असल्याने ही खळबळ आपल्याकडे अधिक. बांधावरून होणारे तंटे आपणांस ठाऊक आहेत.

बलाढ्य कंपन्यांनाही ही विरळ हवा सोडत नाही. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी अमेरिकेतील स्पेसएक्स कंपनीने ४९ उपग्रह सोडले. प्रारंभीची कक्षा सुमारे २१० किलोमीटरांवर होती. लगोलग चुंबकीय वादळ आले, वरची हवा तापून फुगली, तिचा रोध वाढला आणि सुमारे चाळीस उपग्रह खाली येऊन जळाले. हवा तीच, सर्वांच्या डोक्यावरची. पण कंपनीच्या उपग्रहाला तिचा जो रेटा बसतो त्याची नोंद खुली करायची की नाही, हे कंपनी ठरविते. २०२० नंतर आपल्याकडेही अंतराळक्षेत्र खाजगी भांडवलाला खुले झाले आहे. भांडवल संदेशवहनाचे आणि छायाचित्रांचे उपग्रह उडवील, कारण त्यांना गिऱ्हाईक आहे. आयनांबरातील इलेक्ट्रॉन मोजून घेणारे गिऱ्हाईक बाजारात सहसा भेटत नाही.

म्हणून आपली मागणी मर्यादित आणि स्पष्ट असावी. सार्वजनिक पैशातून उडणाऱ्या प्रत्येक अग्निबाणावर विद्यार्थ्यांच्या संशोधक उपग्रहांसाठी काही किलोंची जागा विनामूल्य राखावी. त्यांच्या नोंदी कोणालाही पाहता येतील अशा ठेवाव्यात. आणि भूस्थानकांचा खर्च शासनाने उचलून ती मुंबई-पुण्याबाहेर, धुळे, नांदेड, गडचिरोलीच्या महाविद्यालयांत उभारावीत. विद्यापीठांच्या अधिसभांमध्ये आपले जे साथी निवडून गेले आहेत, त्यांनी येत्या बैठकीत तसा ठराव मांडावा. मसुदा आजच दुपारच्या सत्रात करू.