वाय-फाय आणि ईमेल: आधी ओळख, मग कुलूप

  आज बघू या, घरचं वाय-फाय आणि ईमेल सुरक्षित कसं होतं.

फौजेत रात्री पावलं वाजली की पहारेकरी ओरडतो, "थम! कौन आता है?" मग तो ठरलेला एक शब्द म्हणतो, येणाऱ्याने त्याच्या जोडीचा शब्द सांगायचा. दोघांनाही कळतं की समोरचा आपलाच आहे. हे झालं ऑथेंटिकेशन, म्हणजे ओळख पटवणं. वायरलेसवरचा संदेश मधे कुणी ऐकला तरी त्याला कळू नये, म्हणून तो सांकेतिक रूपात पाठवायचा. हे एन्क्रिप्शन. ही दोन कामं वेगळी आहेत. संदेश कितीही गुप्त असला, पण पलीकडे शत्रूच बसला असेल तर उपयोग काय?

ओळख न विचारण्याची किंमत काय, ते आपण २००८ साली पाहिलं. २६ जुलैला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. माग काढत पोलीस नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोचले. तिथे राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाचा स्फोटांशी संबंध नव्हता. त्याचं वाय-फाय मात्र दुसऱ्यानेच वापरलं होतं. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वाय-फायवरून आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून असेच ईमेल गेले. पत्ता तुमचा, पत्र दुसऱ्याचं, आणि पोलीस तुमच्या दारात!

आता घरच्या राउटरकडे या. १९९७ची डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत २००१मध्येच फोडली गेली. ती दिसली तर लगेच बदला. २००४पासून डब्ल्यूपीए-टू आहे. तिच्यात पासवर्ड हवेतून जातच नाही. तुमचा फोन आणि राउटर, दोघांनाही तो ठाऊक आहे हे आकडेमोडीने एकमेकांना पटवतात आणि त्यातूनच त्या वेळेपुरती किल्ली तयार होते. अगदी पहारेकऱ्याचा प्रकार.

पण यात एक फट आहे. ही देवाणघेवाण कुणी टिपून घेतली, तर घरी बसून तो निवांत एकेक पासवर्ड लावून बघू शकतो. आपल्याकडे किती घरांत मोबाइल नंबर हाच पासवर्ड असतो! दहा आकडे खूप वाटतात. पण आपला नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो, म्हणजे शक्यता फक्त ४०० कोटी. एखाद्या ताकदवान ग्राफिक्स कार्डला हे काही तासांचं काम. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द जोडा. २०१८मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-थ्रीने ही फट बुजवली आहे. राउटरमध्ये ती सोय असेल तर चालू करा.

बाहेरच्या वाय-फायचं काय? इथे बंगळुरूत महात्मा गांधी रस्त्यावर २०१४मध्येच फुकट वाय-फाय सुरू झालं होतं. अशा ठिकाणी मोबाइलवर ओटीपी येतो आणि आपल्याला वाटतं, वा, सुरक्षित आहे! तो ओटीपी तुमची ओळख घेतो. समोरच्याची ओळख तुम्हाला देत नाही, आणि हवेतल्या संदेशाला कुलूपही लावत नाही. कुणीही आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला कॉफीच्या दुकानाचं नाव देऊ शकतो. बँकेचं ॲप स्वतःचं कुलूप घेऊन फिरतं, ते पुष्कळ सांभाळून घेतं. पण वाय-फायच्या पानाने ईमेलचा पासवर्ड मागितला, तर तिथून उठा.

आता ईमेल. १९८२च्या मूळ नियमांत पाठवणाऱ्याची ओळख तपासायची सोयच नव्हती. पाकिटावर कुणीही कुणाचंही नाव लिहावं! म्हणून पुढे तीन तपासण्या आल्या. एसपीएफ बघतं, हा सर्व्हर त्या संस्थेने नेमलेला आहे का. डीकेआयएम म्हणजे लाखेची मोहर, वाटेत मजकूर बदलला तर ती तुटते. आणि डीमार्क सांगतं, दिसणारं नाव या तपासण्यांशी जुळत नसेल तर पत्राचं काय करायचं. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलने मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीची केली.

एवढं असूनही धोका उरतोच. बँकेच्या नावात एखादं अक्षर बदलून कुणी नवा पत्ता विकत घेतला, तर तो तिन्ही तपासण्या पास होतो. यंत्र एवढंच सांगतं की पत्र त्या पत्त्यावरूनच आलंय. तो माणूस तुमचा आहे का, हे यंत्राला कळत नाही. म्हणून "पेन्शन थांबेल, आजच माहिती भरा" किंवा "आमचं बँक खातं बदललंय" असा ईमेल आला, तर त्यातल्या लिंकला हात लावू नका. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करा. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

व्हिडिओ संपला की राउटरची सेटिंग्ज उघडा आणि पासवर्ड मोबाइल नंबर असेल तर आजच बदला. जमत नसेल तर नातवंडांना हाक मारा.